रस्त्यावरचे मरण नशिबाचे नसते

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे नाव गेल्या काही वर्षांत राज्यभर गाजले ते बिबट्यामुळे. उसात बिबट्या दिसला की गाव जागे होते. पिंजरे लागतात, वन खात्याचे पथक येते, शाळेत मुलांना सूचना दिल्या जातात आणि कुणाचा बळी गेला तर रास्ता रोको होतो. त्यात वावगे काहीच नाही. जिवाची किंमत ओळखणारा समाज असाच वागतो. पण याच तालुक्यांतून पुणे-नाशिक महामार्ग जातो. आळेफाट्यावर त्याला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग छेदतो, मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरचा रस्ता फुटतो आणि ओतूरच्या पुढे माळशेज घाट सुरू होतो. या रस्त्यांनी घेतलेले बळी बिबट्याने घेतलेल्या बळींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. तरीही त्यांच्यासाठी ग्रामसभा भरत नाही. ‘काळ आला होता’ एवढे म्हणून दहाव्यानंतर विषय मिटतो.

हा फरक भाषेपासूनच सुरू होतो. ‘अपघात’ म्हटले की अचानक, अकल्पित, कुणाच्याच हातात नसलेले काहीतरी घडले असे वाटते. या कारणासाठी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2001 मध्ये दुखापतींच्या संदर्भात ‘अपघात’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरणे थांबवायचे ठरवले. कारण साधे होते. ज्या घटनेची जागा, वेळ, पद्धत आणि बळी पडणारा माणूस यांचा बऱ्यापैकी अंदाज आधी बांधता येतो, ती घटना अकल्पित कशी म्हणायची? हिवतापाचा रुग्ण आढळला की आरोग्य खाते त्याच्या घराभोवतीचे साचलेले पाणी शोधते. रस्त्यावर माणूस मेला की मात्र पंचनामा होतो, ‘निष्काळजीपणे व भरधाव’ हे ठरलेले शब्द लिहिले जातात आणि साचलेले पाणी तसेच राहते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. महाराष्ट्रातील आकडा 15,224 होता. देशातील मृतांपैकी सुमारे 68 टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले, 44.5 टक्के मृत दुचाकीवरचे होते आणि दोन तृतीयांश मृत 18 ते 45 या वयातले होते. म्हणजे रस्त्यावरचा नमुनेदार मृत माणूस हा द्रुतगती मार्गावर महागडी मोटार उडवणारा नाही. तो गावातून फाट्यावर, फाट्यावरून बाजारात किंवा कंपनीत दुचाकीवर निघालेला, घर चालवणारा तरुण आहे. त्याच्यामागे म्हातारे आईवडील, लहान मुले आणि सोसायटीचे कर्ज राहते. जो वाचतो, पण मेंदूला किंवा मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळतो, त्याच्या घरी तर एक पिढी मागे जाते. बांधावरची जमीन विकून उपचार झाल्याची उदाहरणे गावोगावी सापडतील.

17 जानेवारी 2025 रोजी सकाळी नारायणगावजवळ पुणे-नाशिक महामार्गावर जे घडले, ते जिल्हा अजून विसरलेला नाही. प्रवासी घेऊन निघालेल्या छोट्या व्हॅनला मागून टेम्पोची धडक बसली. व्हॅन पुढे फेकली गेली आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एसटी बसवर आदळली. 9 जण मृत्युमुखी पडले. दोष कुणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. प्रतिबंधाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. ही साखळी किती कड्यांची होती आणि त्यातली कोणती कडी आधी तोडता आली असती?

असा विचार करण्याची रीत विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरने शिकवली. 1966 मध्ये अमेरिकेत वाहतूक सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली, तेव्हा तिचे प्रमुखपद हॅडन यांच्याकडे गेले. साथरोगाचा अभ्यास जसा करतात तसाच त्यांनी रस्त्यावरच्या दुखापतींचा केला. त्यांनी एक साधा तक्ता मांडला. एका बाजूला तीन काळ, म्हणजे धडकेपूर्वी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर. दुसऱ्या बाजूला माणूस, वाहन आणि परिसर. असे जे चौकोन तयार होतात, त्या प्रत्येकात काही ना काही करता येते.

नारायणगावसारखी घटना या तक्त्यात घालून पाहावी. मागच्या वाहनाचा वेग आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर हा एक चौकोन. महामार्गावर वाहन उभे करण्यासाठी मुख्य मार्गापासून अलग, पुरेशी रुंद जागा हा दुसरा. प्रवासी व्हॅनमधील आसने, पट्टे आणि बसवलेल्या माणसांची संख्या हा तिसरा. एसटीच्या फेऱ्या पुरेशा आणि वेळेवर असतील तर फाट्यावर उभ्या माणसाला मिळेल त्या वाहनात दाटीवाटीने बसावे लागत नाही, हा चौथा. जखमी किती वेळात कुठे पोहोचले हा पाचवा. चालकाला दोषी धरून फाइल बंद केली की यातला एकच चौकोन भरतो आणि बाकीचे पुढच्या बळींची वाट पाहत रिकामे राहतात.

या सगळ्यात वेगाचा चौकोन सर्वांत महत्त्वाचा आहे. धडकेत शरीरावर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी 50 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहनांचा सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या धडकेचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. माणसाची कवटी, यकृत आणि प्लीहा हजारो वर्षांत जशी होती तशीच आहे. रस्ता मात्र दोन पदरी होता तो चार पदरी झाला.

मंचर, नारायणगाव, आळेफाटा येथील बाह्यवळणांनी गावांतली कोंडी फोडली. ती गरज होती आणि तिचा फायदा सगळ्यांना झाला. पण कोंडी हा वेगावरचा नकळत बसलेला लगाम होता. तो सुटल्यावर जिथे जिथे गावरस्ता किंवा शेतरस्ता महामार्गाला येऊन मिळतो, तिथे ताशी 90 किलोमीटरने धावणारी मोटार आणि ताशी 15 किलोमीटरने आडवा जाणारा ट्रॅक्टर एकाच पातळीवर भेटू लागले. दुभाजकात ढाब्यासाठी, पंपासाठी किंवा शेतासाठी पाडलेल्या फटी आणि वळसा वाचवण्यासाठी उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या यांची त्यात भर पडते. उलट दिशेने येणारा बेशिस्त असतो हे खरे. पण अधिकृत वळण दोन किलोमीटर पुढे असेल आणि शेत समोरच असेल, तर रोज कुणीतरी उलटा येणार हे रस्ता आखणाऱ्याला कळायला हवे होते. माणूस चुकणार हे गृहीत धरून, त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये असा रस्ता बांधायचा, हे धोरण स्वीडनने 1997 मध्ये कायद्याने स्वीकारले. तिथली माणसे अधिक शहाणी म्हणून नव्हे, तर तिथला रस्ता अधिक क्षमाशील झाला म्हणून मृत्यू घटले.

आता उसाचा हंगाम. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावमध्ये भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने. हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, असला तर वाढ्यांखाली झाकलेला असतो. परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली किंवा नसलेलीच. अंधारात अशा ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली की म्हणतात, ‘पोराचे लक्ष नव्हते.’ इथे थोडे गणित करायला हवे. दुचाकीचा दिवा डिपरवर असेल तर न उजळलेली वस्तू साधारण 50 मीटरवरून दिसते. ताशी 80 किलोमीटर वेगात वाहन सेकंदाला 22 मीटर जाते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर 33 मीटर संपले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून वाहन थांबायला आणखी सुमारे 36 मीटर लागतात. बेरीज 69 मीटर आणि ट्रॉली दिसली 50 मीटरवर. म्हणजे ट्रॉली दिसण्याआधीच धडक ठरून गेलेली असते. हेच गणित ताशी 50 किलोमीटरला केले तर वाहन 35 मीटरमध्ये थांबते आणि माणूस घरी जातो. शिवाय ट्रॉलीला चांगली परावर्तक पट्टी असेल तर ती 50 नव्हे, शेकडो मीटरवरून चमकते. एका ट्रॉलीच्या पट्टीचा खर्च अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाच्या खर्चासमोर किरकोळ आहे.

टोमॅटो, कांदा आणि भाजीपाल्याचा हंगाम वेगळी जोखीम आणतो. दिवसभर तोडणी, संध्याकाळी क्रेट भरणे आणि रात्री पिकअप घेऊन पुण्याच्या किंवा वाशीच्या बाजाराकडे निघणे, हा अनेक चालकांचा दिनक्रम आहे. पहाटे भाव धरायचा असतो म्हणून थांबायला सवड नसते. 1997 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. भारतीय कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. दारूला न शिवणारा चालकही पहाटे चार वाजता कायद्याने ‘प्यालेल्या’ माणसापेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो. डुलकी चहाने किंवा तंबाखूने जात नाही. वीस मिनिटे गाडी बाजूला सुरक्षित उभी करून झोप घेणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. त्यासाठी महामार्गावर उजेड असलेले वाहनतळ हवेत. साइडपट्टीवर उभा केलेला पिकअप दुसऱ्याचा काळ ठरतो.

हेल्मेटचा विषय निघाला की या भागात दोन उत्तरे हमखास मिळतात. ‘शेतापर्यंतच तर जायचे आहे’ आणि ‘हेल्मेट म्हणजे पोलिसांची पावती फाडायची सोय.’ दुसऱ्या उत्तरात तथ्य नाही असे नाही. महिन्यातून एक दिवस एका चौकात होणारी कारवाई लोकांना वसुलीच वाटते. म्हणून कारवाई नको, असा त्याचा अर्थ होत नाही. ती नियमित, सर्वांना सारखी आणि आधी सांगून हवी. पहिल्या उत्तराला मात्र शरीरशास्त्रात जागा नाही. डोके डांबरावर आपटते तेव्हा रस्ता महामार्ग आहे की शिवार रस्ता, हे कवटीला कळत नाही.

हेल्मेटचे काम टणक कवचापेक्षा आतला थर्माकोलसारखा थर करतो. तो दबतो, धडकेचा वेळ काही हजारांश सेकंदांनी लांबवतो आणि मेंदू कवटीवर आपटण्याचा जोर कमी होतो. पट्टा न बांधलेले हेल्मेट धडकेआधीच उडून जाते, म्हणून पट्टा हा हेल्मेटचा अर्धा जीव आहे. 1935 मध्ये इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस मोटारसायकलवरून पडून, डोक्याला मार लागून मेला. त्याच्या उपचारात असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी नंतर लष्करातील मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटचा फायदा मांडला. ब्रिटनमध्ये सक्ती यायला 1973 उजाडले. आता पुरावा इतका भक्कम आहे, की वाद घालायला जागा नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. देशात 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण मेले. त्यातले 14,337 मागे बसलेले होते.

या मागे बसलेल्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई गतिरोधक न दिसल्याने उडून डोक्यावर पडते, ही गावाकडची ठरलेली दुखापत आहे. पदर किंवा ओढणी चाकात अडकणे ही दुसरी. गावाने स्वतःच्या मनाने घातलेला, पांढरे पट्टे आणि फलक नसलेला उंच गतिरोधक वेग कमी करण्यासाठी असतो, पण रात्री तोच माणसे पाडतो. घरातल्या कर्त्या पुरुषासाठी एक हेल्मेट घेतले आणि मागे बसणाऱ्या बायकोला व मुलाला ते नाही, ही विषमताही मोडायला हवी. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर संरक्षक शिरस्त्राण बंधनकारक आहे. त्याच कायद्याने अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. दहावी झाली म्हणून घेऊन दिलेली गाडी ही माया नव्हे.

धडकेनंतरचा चौकोनही तितकाच मोलाचा आहे. मोठ्या दुखापतीत लवकर होणारे बरेच मृत्यू रक्तस्रावाने, श्वास अडकल्याने किंवा मेंदूवरील दाबाने होतात. नारायणगावहून पुण्याचे अंतर सुमारे 75 किलोमीटर आहे आणि वाटेत चाकण-भोसरीची कोंडी. मेंदूशल्यविशारद लागणारा रुग्ण तिथे पोहोचेपर्यंत सोन्यासारखा तास केव्हाच उलटलेला असतो. ‘बोलत होता, चालत होता आणि तासाभरात बेशुद्ध झाला’ असे नातेवाईक सांगतात, तेव्हा बहुधा कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत गेलेले असते. म्हणून डोक्याला मार लागल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली, उलटी झाली किंवा गुंगी वाटली, तरी घरी नेऊन झोपवू नये.

या भागातील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत चोवीस तास सीटी स्कॅन, भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असावे ही मागणी रास्त आहे. ती लावून धरलीच पाहिजे. त्याचबरोबर स्वस्त उपचार विसरू नयेत. 40 देशांतील 20,000 हून अधिक जखमींवर झालेल्या ‘क्रॅश-2’ चाचणीने दाखवले, की ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे जुने, कमी किमतीचे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिले तर रक्तस्रावाचे मृत्यू कमी होतात आणि जितके लवकर दिले तितका फायदा जास्त. तीन तासांनंतर मात्र ते अपाय करू शकते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाची वाट न पाहता तालुक्याच्या पातळीवरच द्यावे असे हे औषध आहे.

रुग्णवाहिका येण्याआधीची मिनिटे मात्र गावकऱ्यांच्याच हातात असतात. 108 ला फोन करून नेमकी जागा सांगावी. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. जखमीला पाणी पाजू नये, हात-पाय धरून जीपमध्ये कोंबू नये, मान न हलवता एकसंध उचलावे. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर मान आणि पाठ सरळ रेषेत धरून कुशीवर वळवावे. पोलिसांच्या लफड्याची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे 2025 पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोख उपचारांची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. आपल्या भागातील कोणती रुग्णालये तिच्यात आहेत, याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवी.

हे सगळे कागदावर ठीक, प्रत्यक्षात होते का, असा प्रश्न कुणीही विचारेल. जवळच उत्तर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले होते. तिथे रस्त्याच्या कडेचे उघडे कठडे, धोकादायक उभी वाहने, वेग आणि जखमींना मिळणारी मदत यांवर एकेक करून काम झाले आणि काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच होते, घाटही तोच होता. जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांना तशी उच्च दर्जाची यंत्रणा नाही, हे मान्य. पण धोक्याच्या जागा शोधायला त्याची गरजही नाही. 500 मीटरच्या टापूत 3 वर्षांत 10 मृत्यू, किंवा मृत्यू अथवा गंभीर दुखापत झालेले 5 अपघात, अशी ‘ब्लॅक स्पॉट’ची सरकारी व्याख्या आहे. म्हणजे एखाद्या फाट्याची अधिकृत नोंद व्हायला आधी माणसे मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. गावाला तो फाटा कधीच ठाऊक असतो.

म्हणून सुरुवात तालुक्यातूनच व्हावी. सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी प्रत्येक जखमीची चार गोष्टींची नोंद करावी: नेमकी जागा, वेळ, वाहन आणि हेल्मेट किंवा पट्टा होता की नाही. पोलीस, महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम खाते आणि आरोग्य खाते यांनी तहसीलदारांसमोर दर महिन्याला ती एकत्र वाचावी आणि प्रत्येक मृत्यूमागे एक दुरुस्ती ठरवावी. दुभाजकातली फट बुजवणे, फाट्यावर दिवा, महामार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्यावर पट्टे मारलेला गतिरोधक, शाळेसमोर वेग मोजणारा कॅमेरा. बिबट्यासाठी गाव, वन खाते आणि शाळा एकत्र येऊ शकतात, तर रस्त्यासाठीही येऊ शकतात.

आणि एक काम तर यंदाच होण्याजोगे आहे. दोन्ही कारखाने सभासद शेतकऱ्यांचे आहेत. बॉयलर अग्निप्रदीपन आणि मोळीपूजनाचे समारंभ थाटात होतात. त्याच्या आधी वाहतूक करार करतानाच प्रत्येक ट्रॉली, ट्रक आणि बैलगाडीच्या मागे व दोन्ही बाजूंना परावर्तक पट्टी लावण्याची अट घालावी. पट्टी कारखान्याने द्यावी आणि ती स्वच्छ नसलेले वाहन काट्यावर घेऊ नये. वजनात किलोभर फरक पडला तरी काटा थांबतो. माणसाच्या जिवासाठीही तो थांबायला हरकत नसावी.